रात्रभराचं नाटक आणि सात तासांचा गेम

"मामाजी, एवढाच होता का जी?"

कंट्रोलर चटईवर ठेवत भाच्यानं विचारलं. दिवाळीची सुट्टी, बाहेर धानाचे पुंजणे, आणि घरात पुण्याहून आलेल्या चुलतभावानं सोबत आणलेला जुना पीएस ४, म्हणजे टीव्हीवर गेम खेळायचं मशीन. त्याच्यासोबत एकच डिस्क होती, 'अनकार्टेड: द लॉस्ट लेगसी'. गणपतीचा दात शोधायचा गेम आहे एवढंच ऐकून भाचा बसला होता. मधेमधे लाइन जायची, तरी तीन संध्याकाळींत त्यानं तो संपवला.

मग त्यानं मोबाइलवर समीक्षकांनी त्या गेमला शंभरपैकी दिलेले मार्क शोधले. ८४. त्याच मालिकेतल्या आधीच्या गेमला ९३. "८४ म्हंजे डिस्टिंक्शन झालं ना जी? मंग लोकं 'ठीक हाय, ठीक हाय' काहून म्हनत होते?"

प्रश्न रास्त होता. त्याला चटईवर बसून दिलेलं उत्तर तुटक होतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी मालिकेची ओळख. 'अनकार्टेड' ही अमेरिकेतल्या नॉटी डॉग या स्टुडिओची साहसी गेमची मालिका. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २००९, तिसरा २०११ आणि चौथा मे २०१६ मध्ये. नायक नेथन ड्रेक. काम एकच: हरवलेला खजिना शोधायचा, कड्यांना लोंबकळायचं, गोळ्या चुकवायच्या, जुनी कोडी सोडवायची. चौथ्या भागात नेथनची गोष्ट संपली. स्टुडिओनं ती संपवायचीच असं ठरवलं होतं.

मग ऑगस्ट २०१७ मध्ये 'द लॉस्ट लेगसी' आला. यात नेथन नाही. त्याच्या जागी क्लोई फ्रेझर, जी दुसऱ्या भागापासून मालिकेत ये-जा करत होती, आणि नदीन रॉस, जी चौथ्या भागात चक्क विरोधी बाजूला होती. दोघी भारतात येतात, पश्चिम घाटात जीप घालतात आणि कर्नाटकातल्या जुन्या होयसळ राजांनी जपलेला गणपतीचा दात शोधतात. मागे लागलेला खलनायक आसव. सुरुवातीला हा चौथ्या भागाला जोडायचा छोटा तुकडा म्हणून ठरला होता. करता करता तो वाढला आणि स्वतंत्र डिस्क म्हणून बाजारात आला.

अशा गेमला 'स्पिन-ऑफ' म्हणतात. मूळ खोडाची फांदी. ती लावण्यामागचा हिशेब सरळ असतो. एका मोठ्या गेमसाठी चार-पाच वर्षं खपून झाडं, दगड, चालण्याच्या हालचाली, बंदुका, दोरखंडाचं गणित, सगळं तयार झालेलं असतं. ते तसंच पडू देण्यापेक्षा त्यातून वर्ष-दीड वर्षात एक छोटी गोष्ट उभी करता येते. नवी नायिका लोकांना चालते का, तेही कमी पैशात कळतं. धान निघाल्यावर बांधीत ओल असतेच, त्या ओलीवर आमच्याकडे लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. तिला वेगळी नांगरणी लागत नाही. पण लाखोळीचं पीक धानाच्या भावानं कोणी मागत नाही, आणि गेमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

समीक्षकांची अडचण कळायला आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकाकडे यावं लागेल. आमच्याकडे भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथं जाऊन गावकरी नाटक ठरवतात. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि पहाट होईस्तोवर चालतो. लोक ब्लँकेटं घेऊन येतात. पाहुणे येतात, त्यांची व्यवस्था नाटकाच्या भरवशावरच असते. घरात झोपायला जागा कुठं असते एवढ्यांना? आता समजा एखाद्या कंपनीनं दोन तासांचं, अगदी गोळीबंद, एकही संवाद फालतू नसलेलं नाटक केलं आणि साडेबाराला पडदा पाडला. लोक काय म्हणतील? "नाटक वाईट होतं" असं कोणी म्हणणार नाही. म्हणतील, "अर्ध्यातच सोडलं बाप्पा."

ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. नाटक चांगलं होतं का, हा एक प्रश्न. तिकिटाच्या मानानं पुरेसं होतं का, हा दुसरा. मंडईत बसलेला माणूस दोन्हींची उत्तरं वेगवेगळी देऊ शकतो. गेमच्या समीक्षकाला मात्र शेवटी एकच आकडा लिहायचा असतो. दोन्ही उत्तरं, शिवाय 'यात नवीन काय' हे तिसरं उत्तर, सगळं त्या एका आकड्यात कोंबावं लागतं. छोट्या गेमचे मार्क कापले जातात ते बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नावर नाही, पुढच्या दोनांवर.

किमतीचंच बघू. अमेरिकेत चौथा भाग ६० डॉलरला होता आणि खेळायला साधारण पंधरा तास लागायचे. 'लॉस्ट लेगसी' ४० डॉलरला, खेळायला सात-आठ तास. म्हणजे किंमत दोन-तृतीयांश, पण लांबी निम्मी. तासाचा दर काढला तर मोठा गेम तासाला चार डॉलर पडतो आणि छोटा पाचाच्या वर जातो. धाकटा भाऊ दिसायला स्वस्त, हिशेबाला महाग. शिवाय चौथ्या भागाची महागडी आवृत्ती ज्यांनी आधीच घेतली होती त्यांना हा फुकट मिळाला. त्यामुळे कोणाला तो भेट वाटला आणि कोणाला खिशाला कात्री. पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्या समीक्षकाला वाचकाच्या खिशाचा विचार करावाच लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण तासाच्या दरानं सगळं मोजायचं तर कंटाळवाण्या गेमला सगळ्यात जास्त मार्क द्यावे लागतील. लांबीवरून मोठा गदारोळ झाला तो 'मेटल गिअर सॉलिड ५: ग्राउंड झीरोज' या गेमवर. मार्च २०१४ मध्ये आलेला हा गेम खरं तर पुढच्या मोठ्या भागाची नांदी होता. त्याची मुख्य मोहीम दोन तासांच्या आत संपते. किंमत सुमारे ३० डॉलर. तंत्र, प्रकाश, लपून सरकण्याची मोकळीक, सगळ्यांचं कौतुक झालं, तरी पीएस ४ वर त्याची सरासरी ७५ वर थांबली. कित्येकांनी त्याला 'पैसे घेऊन दिलेला डेमो' म्हटलं. पुढच्या वर्षी मोठा भाग आला, त्याला पीएस ४ वर ९३. उलट उदाहरण 'स्पायडर-मॅन: माइल्स मोराल्स'चं. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ५० डॉलरला आला, आणि २०१८ च्या मूळ गेमपेक्षा बराच लहान होता. तरी पीएस ५ वर ८५, मूळ गेमला ८७. अनेकांनी लहान असणं हाच त्याचा गुण मानला, कारण मूळ गेममधली उगाच पसरलेली कामं यात नव्हती. म्हणजे लांबी स्वतः काही दोष नाही. छोटा गेम पुरता भरलेला वाटतो की तोडून आणलेला, यावर सगळं ठरतं.

'लॉस्ट लेगसी' या दोघांच्या मधे बसतो. तो तोडून आणलेला फारसा कोणाला वाटला नाही. कौतुक कशाचं झालं तर आधी क्लोई आणि नदीन यांच्या नात्याचं. दोघींचा एकमेकींवर भरवसा नाही, दोघी आपापल्या अपयशातून आलेल्या. भांडत, टोमणे मारत, जीपमध्ये गप्पा मारत हळूहळू जवळ येतात. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्यावर बसून जातात तो प्रसंग बहुतेकांनी नावाजला. गोळी नाही, उडी नाही, नुसती दोघींची चाल. आणि पश्चिम घाटाचा मोकळा टप्पा. तोवर या स्टुडिओनं बनवलेला सगळ्यात मोठा नकाशा तो. आधीचे गेम बोगद्यासारखे होते, पुढचीच वाट दिसायची. इथं जीप कुठंही वळवा, मनोऱ्यावर चढा, चिखलात रुता. या टप्प्यात अकरा होयसळ मुद्रा दडवून ठेवल्या आहेत. सगळ्या शोधल्या तर एक कडं मिळतं, आणि खजिना जवळ आला की ते वाजतं. न शोधताही गेम संपतो. माझ्या भाच्यानं शोधल्या नव्हत्या. मग "एवढाच होता का जी" म्हणायचा त्याला कितपत हक्क, हे मी त्याला विचारलं. तो हसला, बोलला नाही.

नाराजी कशाबद्दल होती? मुख्यतः सवयीच्या झालेल्या गोष्टींबद्दल. हात टेकला की कडा तुटतो, दोरी सुटता सुटता राहते, दगडी दार उघडतं आणि पुढे तसंच दुसरं दार. २००७ पासून दर भाग खेळलेल्या माणसाला हे दहाव्यांदा बघताना छातीत धस्स होत नाही. शेवटी आगगाडीवरची मारामारी आहे. २००९ च्या दुसऱ्या भागात आगगाडीचा प्रसंग फार गाजला होता. त्यामुळे कोणी म्हणालं, वा, जुन्याला सलाम. कोणी म्हणालं, हे तर आपण खेळलोय. प्रसंग तोच, बघणारे दोन. भाचा मात्र या मालिकेत पहिल्यांदाच उतरला होता. कडा तुटला तेव्हा तो चटईवरून उठून उभा राहिला होता आणि आगगाडीच्या वेळी चहा थंड झाला तरी त्याला पत्ता नव्हता. त्याच्यासाठी 'सवयीचं' हा दोष अस्तित्वातच नव्हता. समीक्षा वाचताना लिहिणारा किती भाग खेळून आला आहे हे बघावं ते यासाठी.

आसव हा खलनायकही अनेकांना पातळ वाटला. यादवी पेटवायला निघालेला, शिकलेला, क्रूर; पण त्याच्या मनात डोकावायला गेमला वेळ मिळत नाही. इथं लांबीचा खरा फटका बसतो. तासाच्या दरात तो दिसत नाही, गोष्टीत दिसतो.

आता आकड्याकडे. ८४ कुणा एका माणसानं दिलेला नाही. मेटाक्रिटिक नावाचं एक संकेतस्थळ २००१ पासून वेगवेगळ्या समीक्षकांचे मार्क गोळा करून सरासरी काढतं. ती साधी सरासरी नाही. कोणाच्या शब्दाला जास्त वजन, कोणाच्या कमी, हे ते स्वतः ठरवतात आणि वजनं जाहीर करत नाहीत. गेमला ७५ किंवा त्याहून जास्त मिळाले की हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. ९० पासून वर 'सर्वत्र प्रशंसा', ७५ ते ८९ 'एकंदरीत अनुकूल'. म्हणजे ७५ चा 'ग्राउंड झीरोज' आणि ८४ चा 'लॉस्ट लेगसी' एकाच डब्यात. शिवाय काही ठिकाणी आकडा देतच नाहीत. युरोगेमरनं २०१५ मध्ये आकडे बंद केले होते, म्हणजे त्या काळातलं त्यांचं मत कितीही बारकाईचं असो, या सरासरीत त्याला जागा नव्हती.

आपल्याकडे दहावीला ८४ म्हणजे पेढे. गेमच्या दुनियेत आकडे वरच्या बाजूला दाटलेले असतात. मोठ्या स्टुडिओचा गेम सहसा सत्तरच्या खाली जात नाही, त्यामुळे खरी चढाओढ ८० ते ९५ च्या मधे. तिथं ८४ म्हणजे चांगला विद्यार्थी, पण गुणवत्ता यादीत नाही. या मालिकेतले मार्क ओळीनं लावले की चित्र दिसतं: पहिला ८८, दुसरा ९६, तिसरा ९२, चौथा ९३, आणि मग हा ८४. नॉटी डॉगनं केलेल्या पाचांत हाच सगळ्यात खाली. एखाद्या नव्या स्टुडिओनं पहिल्याच गेमला ८४ आणले असते तर गावात मिरवणूक निघाली असती. इथं मोठ्या भावंडांमुळे तोच आकडा उतरता दिसतो.

हा आकडा नुसता शोभेचा नसतो. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा २०१० चा गेम, तोही एका जुन्या मालिकेची फांदीच म्हणा, पण लांबलचक. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस मिळणार होता. आले ८४. एका मार्कानं बोनस गेला. हे पुढे २०१२ मध्ये स्टुडिओतल्याच माणसानं उघड केलं. ८४ हा आकडा दोन्हीकडे यावा हा निव्वळ योगायोग, पण भाच्याला ही गोष्ट सगळ्यात जास्त पटली. त्याच्या वर्गात एकाची स्कॉलरशिप अशीच गेली होती.

एक गोष्ट मला स्वतःला खटकली, आणि ती त्या सरासरीत नीट कुठं दिसत नाही. गेममध्ये हळेबिडू आणि बेलूर ही रानात हरवलेली, धबधब्यांच्या आडची नगरं आहेत. प्रत्यक्षात ती कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातली नांदती गावं. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर विष्णुवर्धन राजानं १११७ मध्ये उभं केलं, आणि तिथं आजही पूजा चालते. हळेबिडूचं होयसळेश्वर थोडं नंतरचं. २०२३ मध्ये युनेस्कोनं बेलूर, हळेबिडू आणि सोमनाथपूरची मंदिरं जागतिक वारशात घेतली. ज्या देवळात सकाळी नारळ फुटतो ते 'हरवलेलं' कोणाच्या लेखी? शिवाय हे होयसळ आपल्या देवगिरीच्या यादवांचे शेजारी आणि वैरी, म्हणजे परके मुळीच नाहीत. गेम बघताना भाचा पटकन म्हणाला होता, "मामाजी, हे त मार्कंड्यासारखं हाय." वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जुन्या दगडी देवळांत तो दर महाशिवरात्रीला जातो. दोन्हींची शैली वेगळी. होयसळ शिल्पी मऊ दगडात दागिन्याचा मणी न मणी कोरत. पण दगड ओळखीचा वाटणं खरं होतं.

समीक्षा लिहिणारे बहुतेक अमेरिकेत-ब्रिटनमध्ये बसलेले. त्यांना ते दृश्य देखणं वाटलं, आणि ते देखणं आहेच. क्लोईचा बाप भारतीय होता, तिच्यासाठी ही बापाच्या देशाकडे परतण्याची गोष्ट आहे, हेही त्यांनी नोंदवलं. आवाजावरून मात्र टीका झाली होती. नदीन ही दक्षिण आफ्रिकेची कृष्णवर्णीय बाई, तिला आवाज गोऱ्या अमेरिकन लॉरा बेलीचा. हा वाद चौथ्या भागापासूनचा. अर्ध्या भारतीय क्लोईचा आवाजही ऑस्ट्रेलियाच्या क्लॉडिया ब्लॅक यांचा. त्यांचं काम मला आवडलं, पण एखादा मराठी किंवा कन्नड शब्द तरी तिच्या तोंडी नीट यायला हवा होता, असं वाटून गेलं.

आणखी एक. समीक्षा पहिल्या दिवसाच्या किमतीवर लिहिलेली असते आणि तशीच राहते, किंमत मात्र उतरत जाते. २०२२ मध्ये हा गेम चौथ्या भागासोबत एकाच पाकिटात, नव्या मशीनसाठी घासूनपुसून परत आला. आमच्या घरी तो जुन्या डिस्कमधून आला, मशीनसोबत, जवळजवळ फुकट. ४० डॉलरची तक्रार तिथंच गळून पडली. २०१७ मध्ये कापलेले ते मार्क आता कोण परत देणार?

माझी आई खाटेवर बसून सगळं बघत होती. गेममध्ये दाताची गोष्ट परशुरामाची घेतली आहे: शंकराच्या दारात गणपतीनं परशुरामाला अडवलं, त्यानं परशू फेकला, आणि बापानं दिलेलं शस्त्र म्हणून गणपतीनं तो दातावर झेलला. आईला हे मान्य नव्हतं. "दात त महाभारत लिवतानी मोडला. व्यास सांगे नि गनपती लिवे." जगभरातल्या एकाही समीक्षेत हा आक्षेप मला सापडला नाही.

मग तिनं भाच्याला विचारलं, "त्या पोरीईनं शेवटी दाताचं का केलं? इकला?"

"नाई आजी. सरकारले देतो म्हनते."

"सरकारले?" आईनं ब्लँकेट ओढून घेतलं. "मंग गेलाच समज."